एकच अंडं विकायचं होतं

१४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसं लिहितात. वही बायकोनं, सावेतानं, शाळेच्या स्वयंपाकघरातून आणलेली आहे. पहिल्या सहा पानांवर मुलांच्या जेवणाचे बेत. सोमवारी वाटाण्याचं सूप, मंगळवारी वाटाण्याचं सूप. फाडून टाकली.

संत पारास्किवाचा सण. सावेताची मामेबहीण डोम्निका इटलीहून आली होती. नखं जांभळी. सेंट इतका मारलेला की कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्यालाही त्याचा वास लागला. शी. मी एरवी सात खातो, आज पाचच गेले.

डोम्निकाचं म्हणणं, ब्रेशियात एका म्हातारीला सांभाळायला बाई हवी आहे, सावेतानं लगेच निघावं. गावात मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा जूनमध्ये बंद झाली, तेव्हापासून तिथं स्वयंपाक करणारी सावेता घरी आहे. फर्निचरचा कारखाना बंद पडल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मीही घरी आहे. पण माझं घरी असणं वेगळं. मी विचार करतोय.

डोम्निकानं विचारलं, भाऊजी काय करतात हल्ली? समोर फळीवर सासूबाईंनी रंगवलेल्या अंड्यांची परडी होती. मी म्हणालो, बिझनेस काढतोय. कलात्मक अंड्यांचा. सासूबाईंनी घास गिळला तेवढा ऐकू आला.

पाहुणी गेल्यावर सावेता भांडी घासता घासता म्हणाली, "मला जायचं नाहीये, हरालांब. परक्या बाईचं गू-मूत काढायची हौस नाही मला. ईस्टरपर्यंत एक अंडं विकून दाखव. एकच. मी कुठं जात नाही."

एक अंडं म्हणे. हसू आलं. सहा महिने हातात आहेत. ईस्टरपर्यंत माल व्हिएन्नाला जात असेल.

१५ ऑक्टोबर, सकाळी ६

उठलो. संकल्प: रोज सहाला उठणे. रोज एक अंडं रंगवणे. दारू फक्त रविवारी.

१५ ऑक्टोबर, सकाळी ११

पुन्हा डोळा लागला. शिवाय आज रविवार. रविवारी काम सुरू करणं पाप. दारूचा संकल्प मात्र आजपासूनच पाळला.

६ नोव्हेंबर

नावाशिवाय धंदा नाही. तीन आठवडे नावाच्या मागे आहे. 'हरालांबची अंडी' हे सावेतानं सुचवलं. ते ऐकून गावातले लोक काय बोलतील हे तिला कळत नाही. माझ्या डोक्यात 'प्रिमोर्डिया' आहे. भारदस्त आहे, कुणाला अर्थ कळत नाही, म्हणजे किंमत जास्त लावता येईल.

सासूबाई आल्या होत्या. नाव ऐकून म्हणाल्या, औषधासारखं वाटतंय, जेवणाआधी घ्यायचं की नंतर?

सासूबाईंचं नाव कसांद्रा. वय एकाहत्तर. पन्नासएक वर्षं अंडी रंगवतायत. स्वयंपाकघराच्या टेबलावर, मामालिगाचं पातेलं बाजूला सरकवून. त्यातल्या मक्याच्या पिठाचे शिंतोडे अंड्यावर उडतात ते बोटानं पुसतात, ते बोट एप्रनला पुसतात. आणि अंडी वाटून टाकतात. पाद्र्याला, डॉक्टरला, बसच्या कंडक्टरला. ब्रँड नाही, दृष्टी नाही. बघवत नाही.

२५ नोव्हेंबर

स्पर्धकांचा अभ्यास. मठाबाहेरच्या दुकानांत गेलो. लाकडी अंडी, त्यांवर प्लॅस्टिकचा छापील कागद चिकटवलेला. एका अंड्यावर मेरीमाता आणि मागच्या बाजूला फुटबॉल क्लबचं चिन्ह. दुकानवाली बाई त्याच हातानं सॉसेज खात होती. लोक घेत होते. रांगा लावून घेत होते. माणसाला चव म्हणून उरली नाही.

घरी येऊन इतका विटलो होतो की मेणाच्या लेखणीला हात लावला नाही.

१२ डिसेंबर

लोगो. अंड्याच्या आत अंडं, त्याच्या आत 'प'. एक्केचाळीस कागद झाले. सावेतानं विचारलं, कागदावर एवढी अंडी काढलीस, तर एखादं अंड्यावरच का नाही काढलंस? तिला प्रोसेस हा शब्द समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि कागद चुलीत घातले. चांगले तीन त्यात गेले.

२९ डिसेंबर

डुक्कर कापलं, नाताळ झाला. आठ दिवस हाताला चरबी. चरबीच्या हातानं रंग धरत नाही. हे नैसर्गिक कारण आहे.

११ जानेवारी

आवारातलं उन्हाळी स्वयंपाकघर, म्हणजे कोपऱ्यातली चुलीची खोली, स्टुडिओ म्हणून घेतलं. आत मेलेला उंदीर, गेल्या वर्षीचं लोणचं आणि सावेताच्या वडिलांचे बूट निघाले. तिघांना एकच वास. आधी चुना मारायचा. मग फळ्या. मग खुर्ची. पाठीला आधार नसेल तर रेषा थरथरते.

सावेता चुना मारते आहे. मी रंगाची छटा ठरवतोय.

३ फेब्रुवारी

शहरात 'सर्जनशील उद्योजक' नावाचा तीन दिवसांचा कोर्स केला. चौदा जण होते. एकजण मेणबत्त्या करणार, एकजण कुत्र्यांचे स्वेटर. सगळेच होतकरू, बिचारे. कॉफी पाणचट, बिस्किटांना बुरशी. पण शिकलो खूप. दुसऱ्याच तासाला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घरच्यांना आणि मित्रांना विकलेलं विक्रीत धरायचं नाही, ती दया असते. हे मी अधोरेखित केलं. पॅकेजिंग म्हणजे मूक विक्रेता, हेही केलं.

सर्टिफिकेटला फ्रेम करून घेतली. स्टुडिओत खिळा ठोकताना नवा चुना पडला.

सावेतानं विचारलं, अंडी कधी? मी म्हणालो, पाया भक्कम व्हायला हवा. ती म्हणाली, डोम्निका दर रविवारी फोन करते, मी दर रविवारी खोटं बोलते. तिच्या आवाजात काहीतरी होतं. थंडीनं घसा बसला असेल.

२२ फेब्रुवारी

कच्चा माल स्वतःचाच हवा. तीन हंसिणी आणल्या. हंसाचं अंडं मोठं, पांढरं, कॅनव्हास म्हणावं असं. विकणारा म्हणाला, आठवड्यात घालायला लागतील.

४ मार्च

सासूबाईंनी हंस उलटे करून पाहिले. त्यातले दोन नर आहेत म्हणाल्या. तिसरी मादी आहे पण म्हातारी. या बाईला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते.

नरांनी आज पोटरीला चावा घेतला. अंगण शेणानं नाही, हंसांच्या हिरव्या विष्ठेनं भरलंय. घरातून स्टुडिओत जायचं तर घसरत जावं लागतं. दोन दिवस गेलो नाही.

सावेतानं तिच्या मावशीकडून हंसिणीची चाळीस अंडी आणून ठेवली आहेत. विचारलं नव्हतं मी.

१८ मार्च

लेंटचा उपास सुरू. आज पहिलं अंडं रंगवलं.

लिहून ठेवतो म्हणजे इतिहासात राहील. मेण वितळवलं, लेखणीनं पांढऱ्यावर रेषा, पिवळ्यात बुडवलं, पुन्हा रेषा, लालमध्ये, पुन्हा, शेवटी काळ्यात. मग ज्योतीपाशी धरून मेण पुसलं. चार तास. आकृती थोडी डावीकडे कलली आहे. त्यात गती आहे.

सासूबाई बघायला आल्या. त्यांचा पहिला प्रश्न, अंडं रिकामं केलंस का? त्या सुईनं दोन भोकं पाडतात, फुंकून आतलं काढतात. गाल फुगवून. तो आवाज, तो लोंबणारा पांढरा चिकट धागा, त्यांच्या हनुवटीवर आलेला. मला मळमळलं.

मी सांगितलं, एक तर रिकामं अंडं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, हातात वजन लागत नाही. दुसरं म्हणजे आपला सात आठवड्यांचा उपास. अंडं खायचं नाही. मग आतलं टाकायचं? अन्न फेकणं पाप. माझ्या धंद्याची सुरुवात पापानं नको.

त्या म्हणाल्या, आतलं डुकराला घाल, डुकराला उपास नसतो. मी म्हणालो, आई, तत्त्व म्हणजे तत्त्व. मग त्या म्हणाल्या, भरलेली ठेवायची असतील तर ठेव, आमच्या आजीही ठेवायच्या, वर्षा दोन वर्षांत आतून वाळून जातात, फक्त गार जागी ठेव. बघू.

२४ मार्च

एकवीस अंडी. माणसाला एकदा लय सापडली की थांबत नाही.

पण चमक नाही. इथं माझा बावीस वर्षांचा अनुभव कामी आला. कारखान्यात मी व्हॉर्निश खात्यात होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या टेबलात मंत्री स्वतःचं तोंड बघून केस विंचरायचे. त्या वेळचा उंची व्हॉर्निशचा डबा माझ्याकडे होता. तीन हात मारले. अंडी अशी झळकतायत की डोळे दिपावेत.

सासूबाईंनी एक हातात घेतलं, नखानं वाजवलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, "अंड्याचं तोंड बांधू नकोस रे. आतलं जाईल कुठं?"

जायचंय कशाला? म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. अंडी चुलीच्या वरच्या फळीवर मांडली, म्हणजे व्हॉर्निश नीट सुकेल.

६ एप्रिल

एकतीस झाली. एकतिसावं वेगळं आहे.

कसं झालं सांगता येत नाही. सावेता खिडकीशी बसून घेवडा निवडत होती, बाहेर चेरीच्या झाडाला कळ्या आल्या होत्या, आणि मी लोगोचा, व्हिएन्नाचा, कशाचाच विचार करत नव्हतो. फक्त फांदी काढत गेलो. बारीक, थोडी वाकडी, सात कळ्या. मेण पुसलं तेव्हा ते मीच परत परत फिरवून पाहिलं. सावेतानं ते हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही. म्हणाली, हे आईलाही जमलं नसतं.

व्हॉर्निश संपलं होतं, म्हणून हे तसंच आहे. घरातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. नवा डबा आणला की तीन हात.

१३ एप्रिल

आज मोठा दिवस. बिझनेस म्हणजे काय ते आज मी गावाला दाखवलं.

सावेतानं मला न विचारता रस्त्यावर पुठ्ठा लावला होता: 'अंडी, रंगवलेली'. शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरांत. खाली बाण. मी बघितला तेव्हा अंगावर काटा आला. प्रिमोर्डिया आणि पुठ्ठा! काढायला निघालो तोच गाडी थांबली. लांबच्या क्लुज शहरातली एक बाई आणि तिचा नवरा. तिनं चेरीचं अंडं पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, हे. बाकीच्यांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, हे जरा खटकलं. किती म्हणून विचारलं. मी सांगितली ती किंमत ऐकून मीच चपापलो. ती म्हणाली, ठीक आहे.

मी विचारलं, न्यायचं कशात? ती म्हणाली, रुमालात गुंडाळते, मांडीवर धरून नेते.

रुमालात. नाक शिंकायच्या रुमालात.

मी तिला नम्रपणे समजावलं. आमचे बॉक्स छापायला गेलेत, आत मखमल, झाकणावर लोगो. बॉक्सशिवाय प्रिमोर्डियाची वस्तू बाहेर जात नाही. बावीस तारखेला या. ती म्हणाली, अहो आम्ही क्लुजला चाललोय, पुन्हा कशाला येतोय, द्या ना तसंच. पैसे तिच्या हातात होते. मी हात मागे बांधले. नवरा हॉर्न वाजवायला लागला. ती गेली.

वळून पाहिलं तर सावेता ओसरीवर उभी होती, ओला टॉवेल हातात. सगळं ऐकलं असावं. मला वाटलं कौतुक करेल. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

१४ एप्रिल

बोलत नाही.

१५ एप्रिल

बोलली. रविवारी डोम्निकाला खरं सांगितलं म्हणाली. ईस्टरनंतरच्या शनिवारी, अकरा मेला, इटलीला मिनीबस जाते, तीत एक जागा ठेवायला सांगितली आहे. मी विचारलं, ईस्टरपर्यंतची मुदत आहे ना? ती म्हणाली आहे, अजून तीन आठवडे आहेत. आणि मग म्हणाली, "तू मला ठेवून घे रे. एवढंच सांगतेय."

बायका भावुक होतात. तीन आठवडे पुष्कळ झाले.

२२ एप्रिल

बॉक्स आले. दोनशे. सुरेख. मखमल जांभळी, लोगो सोनेरी. अंडी आत जात नाहीत.

छापखान्यानं कोंबडीच्या अंड्याच्या मापानं केलेत. मी अंड्याचं माप दिलं होतं, कोणत्या अंड्याचं हे त्यांनी विचारायला नको? नालायक लोक. हंसाचं अंडं अर्धं बाहेर राहतं, टोपी घातलेल्या टकल्यासारखं. सावेता हसली. बऱ्याच दिवसांनी. मग हसता हसता रडायला लागली, मी काय करणार? बाहेर गेलो. हंस मागे लागले.

स्टुडिओत थोडा कुबट वास येतोय. उंदीर असणार.

२७ एप्रिल

उद्या पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार. चर्चच्या हॉलमध्ये दरवर्षी अंड्यांचा बाजार भरतो. फादर इलारिओननी मला टेबल दिलंय, तेही खिडकीजवळचं. सावेता त्यांच्याकडे जाऊन आली असं सासूबाईंकडून कळलं. गरज नव्हती. माझ्या नावावर मिळालंच असतं. सुचावा शहरातून एक दुकानदार येणार आहे, त्यालाही तिनंच निरोप पाठवलाय म्हणे.

तीस अंडी नेणार. चेरीचं नाही. व्हॉर्निशशिवाय अर्धवट माल लोकांसमोर ठेवायचा नाही. कारखान्यातला मोठा दिवा नेतोय, चमक दिसायला.

२८ एप्रिल

लिहायला हात होत नाही. पण सत्य लिहिलंच पाहिजे. चूक हंसांची आहे.

टेबल उत्तम लागलं होतं. काळी मखमल, वर दिवा, मागून ऊन. लोक सणाच्या विलोच्या फांद्या घेऊन चर्चमधून थेट हॉलमध्ये आले. शेजारच्या टेबलावर सासूबाई त्यांची पोकळ अंडी घेऊन, टोपलीत गवत. सावेतानं निळा ड्रेस घातला होता. ती दुकानदाराला घेऊन माझ्याकडे येत होती. आठ पावलं उरली असतील. फादर इलारिओननी सगळ्यात मोठं अंडं उचलून उन्हाकडे धरलं, म्हणाले, हरालांब, हे आतून कुजबुजतंय का रे?

आणि फुटलं.

आवाज बाटलीचं बूच उडाल्यासारखा. मग वास. बावीस वर्षं उकळता सरस हुंगलेला माणूस आहे मी, पण हे. हिरवट काळं पाणी फादरच्या बाहीवरून कोपरापर्यंत गेलं. मी घाईनं दिवा जवळ ओढला, काय झालं ते बघायला. चूक तिथं झाली. मग एकामागून एक. कुणी मोजली नाहीत. बायका पवित्र फांद्या नाकाला लावून दाराकडे पळाल्या. एक लहान मुलगी ओकली, तिला बघून तिची आई ओकली. दुकानदार पायऱ्या उतरून गाडीत बसलेला मी खिडकीतून पाहिला.

सावेता पळाली नाही. तिथंच उभी राहिली, आठ पावलांवर, निळ्या ड्रेसवर शिंतोडे. मग तिनं बादली आणली आणि फरशी पुसायला बसली. सासूबाईही बसल्या. मी सांगत होतो की अंडी घेतानाच जुनी होती, मावशीनं फसवलं. कुणी वर पाहिलं नाही.

आज सासूबाईंची सगळी अंडी लोकांनी विकत घेतली. दया, दुसरं काय.

३० एप्रिल

तीन वेळा अंघोळ केली. वास केसांत आहे, मिश्यांत आहे. फादरनी निरोप पाठवला, रागावलेले नाहीत, झगा मात्र जमिनीत पुरला.

व्यावसायिक दृष्टीनं पाहिलं तर नाव झालं. आज सगळ्या खोऱ्यात प्रिमोर्डिया माहीत आहे.

५ मे, ईस्टर

पहाटेच्या प्रार्थनेला मागं उभा राहिलो. लोक सरकून लांब झाले.

घरी लाल अंडी फोडायचा खेळ. सावेताचं अंडं माझ्यापुढे धरलेलं, मी माझं आपटायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मुदत संपली ना आज. मी म्हणालो, विक्री एका दिवसात मोजत नाहीत, बाजार तयार व्हावा लागतो. तिनं अंडं खाली ठेवलं, न फोडता.

८ मे

सावेता इटालियन शब्द पाठ करतेय. उशी. गोळी. उलट्या. दुखतं का. अंघोळीचं पाणी कोमट आहे का. टीव्हीवरच्या इटालियन मालिका बघून थोडं येतंच तिला. मी मदत म्हणून ऐकून घ्यायला बसलो. 'दुखतं का' तिला तीनदा विचारायला लावलं, उच्चारासाठी.

नवा संकल्प: ती गेल्यावर पूर्ण वेळ कामाला वाहून घेणे. घरात शांतता असेल.

११ मे, दुपार

सावेता गेली. निरोप व्यवस्थित झाला, रडारड नाही.

दहाला मिनीबस आली. आत आधीच दोन बायका, दोघींचे डोळे सुजलेले, गाडीत लसणीच्या सॉसेजचा वास कोंडलेला. सावेता निळा कोट घालून फाटकाशी, बॅग पायाशी. ड्रायव्हरनं काच खाली करून तिला विचारलं, मग काय, येतेयस की नाही? काय बोलण्याची पद्धत. गाडी बोलावल्यावर कोणी येणार नाही का? तिनं त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

"ते चेरीच्या फांदीचं अंडं आहे ना अजून?"

मी म्हणालो आहे की, कपाटात. तिनं पर्स उघडली. "मला वीक ते."

मला हसू आलं. जायच्या वेळी कसली थट्टा. मी तिला सांगितलं, घरच्या माणसाला विकलेलं विक्रीत धरत नाहीत, ती दया असते, कोर्समध्ये स्वच्छ सांगितलंय. शिवाय त्याला व्हॉर्निश व्हायचंय.

"मी गिऱ्हाईक आहे, हरालांब," ती म्हणाली. "दारात उभी आहे, पैसे घेऊन. दे."

मी म्हणालो, तू परत ये, मग तुला भेट म्हणून देईन, नीट मापाच्या बॉक्समधून. तत्त्व सोडून चालत नाही.

ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं, धुराचा घाणेरडा वास. मग तिनं पर्स मिटली आणि गाडीत चढली. बॅग मी चढवून दिली. हलकी होती. एवढ्या लांब जाणारी बाई इतकं कमी सामान कसं नेते, नवल वाटलं.

१३ मे

सासूबाई आंबट सुपाचा डबा घेऊन आल्या. टेबलावर ठेवला, बसल्या. फाटकाशी काय बोलणं झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. तत्त्वाचंही सांगितलं.

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "गुरुवारीच तिनं ड्रायव्हरला फोन करून जागा नको, पण फाटकाशी गाडी थांबव, म्हणून सांगितलं होतं. बॅगेत दोन टॉवेल आणि एक चादर घातली होती तिनं, दिसायला. जायचंच नव्हतं तिला. फक्त तुझ्या हातून एक अंडं विकलेलं तिला बघायचं होतं, म्हणजे चार लोकांत तुला मान खाली घालावी लागली नसती."

मी म्हणालो, मग गाडीत जागा कशी मिळाली?

"तिचीच रिकामी होती ना," त्या म्हणाल्या.

उठताना विचारलं, आता काय करणार आहेस. माझ्या तोंडून आलं, विचार करतो. ते माझंच मला ऐकू आलं. सात महिने मला सगळ्या जगाची किळस येत होती. डोम्निकाच्या नखांची, पुठ्ठ्यावरच्या अक्षरांची, सासूबाईंच्या हनुवटीची. आज माझी आली. त्या गेल्यावर मोरीत जाऊन ओकलो. सूप प्यालेलो नव्हतो, तरी.

मग फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला तिनं. मी म्हणालो, सावेता, अंडं घे. विकतो. जे देशील ते दे. रुमालात घालून देतो. तू ये.

मग ती म्हणाली, थांब, म्हातारी हाक मारतेय. फोन बंद केला नाही, कुठंतरी ठेवला. मी कानाला धरून बसलो. तिकडून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि सावेता मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये कुणाला तरी हळूहळू विचारत होती, दुखतं का, दुखतं का. म्हातारीनं काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही.